आजाऱ्याच्या भीतीला ईमानाची कसोटी लावू नका



इमाम अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात हजरत जाबिर (रजि.) यांनी कथन केलेला एक प्रसंग आहे. काही सहाबा प्रवासात होते. त्यांच्यापैकी एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. रात्री त्याला स्नान आवश्यक झाले. तयम्मुमची सवलत मला आहे काय, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत कशी मिळेल, असे उत्तर त्याला मिळाले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. ही वार्ता प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या कानी गेली तेव्हा ते अत्यंत संतप्त झाले. त्या मृत्यूचा दोष त्यांनी उत्तर देणाऱ्यांच्या माथी ठेवला. ठाऊक नव्हते तर त्यांनी विचारायला हवे होते, अज्ञानावर विचारणे हाच उपाय आहे, असे त्यांनी बजावले.

ही हदीस मी मदरशात शिकलो आणि मिंबरवरून अनेकदा सांगितली. ती माझ्यावरच लागू पडते, हे मला २०२० च्या रमजानमध्ये उमगले. तो प्रसंग आज आपल्यासमोर मांडतो, कारण माझ्यासारखी चूक आपल्या घरांतही होत असते.

फोनवरचे एक उत्तर

आमच्या जमातीत एक गृहस्थ आहेत. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. थोरल्या बहिणीने आपली एक किडनी दिली आणि २०१८ मध्ये मुंबईत त्यांचे प्रत्यारोपण झाले. त्यानंतर ते कामावर जाऊ लागले, पाचही नमाजांना मशिदीत येऊ लागले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि ते घराच्या एका खोलीत गेले. कोकणातल्या आमच्या गावात तेव्हा कोरोनाचा एकही रुग्ण नव्हता. लोक म्हणू लागले, 'याने तर फारच मनाला लावून घेतले आहे.'

२५ एप्रिलला रमजान सुरू झाला. आदल्या रात्री त्यांचा फोन आला. 'मौलाना, रात्रभर झोप लागत नाही. छातीत धडधडते. मुले बाहेरून आली की भीती वाटते. रोजे ठेवू की नको, तेही सुचत नाही. माझे ईमान कमजोर झाले आहे का?'

मी म्हणालो, 'भाई, ज्याने किडनी दिली तोच सांभाळेल. अल्लाहवर तवक्कुल करा. मन घट्ट करा.' त्यांची औषधे कोणती, ती केव्हा घ्यावी लागतात, डॉक्टरांशी बोलणे झाले आहे काय, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही.

माझ्या बोलण्याचा अर्थ त्यांनी असा घेतला की, रोजा न ठेवणे म्हणजे तवक्कुलचा अभाव. त्यांनी रोजे धरले. औषधांच्या वेळा सेहरी आणि इफ्तारला ढकलल्या. एप्रिलअखेरीच्या उकाड्यात सुमारे १४ तास पाण्याचा थेंब घेतला नाही. नवव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले, म्हणजेच किडनीचे काम मंदावले होते. जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी पास मिळवण्यात एक दिवस गेला. इस्पितळात सोबत कोणाला राहू देत नव्हते. ते अकरा दिवस तिथे एकटे होते.

अल्लाहच्या कृपेने किडनी वाचली. परतल्यावर ते फोनवर मला म्हणाले, 'मौलाना, तिथे मला मरणाची भीती वाटली नाही. आपाला तोंड कसे दाखवू, एवढेच मनात होते. तिने पोट चिरून दिलेली वस्तू मी नऊ दिवसांत घालवली असती.'

त्यांनी मला दोष दिला नाही. तो मी स्वतःला देतो, आणि म्हणून हा लेख लिहितो.

त्यांच्या शरीरात काय चालते?

प्रत्यारोपण झालेल्या माणसाची भीती समजून घ्यायची असेल तर आधी त्याचे शरीर समजून घ्यावे लागेल. अल्लाहने मानवी देहात एक पहारा बसवला आहे. बाहेरून काहीही परके आले की तो त्याच्यावर तुटून पडतो. जंतूंना तो असाच मारतो. परंतु दुसऱ्याची किडनी, यकृत किंवा हृदय हेही या पहाऱ्याला परकेच वाटते. बोस्टन येथे डिसेंबर १९५४ मध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी किडनीचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. ते दोन जुळ्या भावांमध्ये होते आणि त्यांचे शरीर एकसारखे असल्यामुळे अवयव नाकारला गेला नाही. इतरांसाठी मात्र या पहाऱ्याला औषधाने मंद करावे लागते.

टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही त्या औषधांची नावे अशा प्रत्येक घरात ठाऊक असतात. ती आयुष्यभर घ्यावी लागतात. टॅक्रोलिमस बहुधा दर १२ तासांनी, ठरल्या वेळीच घ्यायचे असते. वेळ चुकत गेली तर शरीर अवयव नाकारू शकते. औषध वेळेवर घेतले तर अवयव राहतो, पण मंदावलेल्या पहाऱ्यामुळे साधा संसर्गही गंभीर रूप घेऊ शकतो. आपल्याला जो ताप तीन दिवसांत सोडून जातो, तो त्यांना इस्पितळात नेऊ शकतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. यांतील काही औषधे मनावरही परिणाम करतात. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडमुळे झोप उडते, चिडचिड होते, मन कधी उदास तर कधी अस्वस्थ होते. टॅक्रोलिमसमुळे हात थरथरू शकतात. म्हणजे ज्या घालमेलीला आपण 'ईमानाची कमजोरी' असे नाव देतो, तिचा काही भाग त्या गोळीचा परिणाम असू शकतो.

महामारीने त्यांच्यावर टाकलेले ओझे

कोरोनाच्या काळात भय सर्वांनाच होते. या बांधवांवर मात्र एकाच वेळी अनेक ओझी येऊन पडली.

दर महिन्याला इस्पितळात जाऊन रक्त तपासणे हा त्यांच्या जीवनाचा आधार होता. आता इस्पितळ हीच सर्वांत धोक्याची जागा झाली. जावे तर संसर्गाचे भय, न जावे तर किडनीचे काय चालले आहे ते कळत नाही. वाहने बंद असताना औषधे तालुक्याच्या ठिकाणी मिळेनाशी झाली. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया व्हायची होती त्यांची वाट पाहणे लांबले, कारण २०२० च्या वसंतात अनेक ठिकाणी प्रत्यारोपणे थांबवावी लागली.

लस आली तेव्हा सर्वांनी सुटकेचा श्वास घेतला. आपल्या देशात १ मार्च २०२१ पासून ४५ वर्षांवरील ज्या आजारी व्यक्तींना प्राधान्याने लस मिळाली त्यांत किडनी व यकृताचे प्रत्यारोपण झालेलेही होते. परंतु त्यांना पूर्ण निर्धास्त होता आले नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतील प्रत्यारोपण झालेल्या ६५८ जणांची पाहणी केली. एम-आरएनए प्रकारच्या लसीच्या दोन मात्रांनंतरही त्यांच्यापैकी ५४ टक्के लोकांच्याच रक्तात प्रतिपिंडे आढळली. पहारा मंद असल्यामुळे लसीची शिकवणही तो पुरती घेत नाही. म्हणूनच अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये अशा रुग्णांना तिसऱ्या मात्रेची परवानगी देण्यात आली.

सर्वांत जड ओझे एकटेपणाचे होते. महाराष्ट्रातील मशिदी १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडल्या. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाल्या आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडल्या. दोन्ही वेळा आपण आनंदाने परतलो, हे बांधव मात्र घरीच राहिले. सर्वांना कोंडले असताना ते सर्वांसारखेच होते. सर्व सुटले तेव्हा ते एकटे पडले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्यांच्या तोंडावरची पट्टी अजूनही उतरलेली नाही, आणि निकाहाच्या मंडपात आपण तिच्याकडे पाहून हसतो.

भीती आणि ईमान

आता त्या बांधवाच्या प्रश्नाकडे वळू. भीती वाटणे म्हणजे ईमान कमजोर होणे काय?

पवित्र कुरआनाच्या सूरह ताहामध्ये जादूगारांच्या दोऱ्या व काठ्या सापांसारख्या भासू लागल्या तेव्हा हजरत मूसा (अलै.) यांच्या मनात भीती दाटल्याचा उल्लेख आहे. अल्लाहने त्यांना धीर दिला. त्यांच्यावर दोष ठेवला नाही. हजरत याकूब (अलै.) पुत्रवियोगात इतके रडले की त्यांचे डोळे पांढरे झाले. ते आपले दुःख अल्लाहपाशीच बोलत राहिले आणि त्याच्या कृपेविषयी निराश झाले नाहीत. दुःख आणि आशा एकाच हृदयात राहू शकतात, हे आपल्याला प्रेषितांच्या जीवनातून शिकायला मिळते. मग आपल्या घरातील आजारी माणसाला, 'तू घाबरतोस म्हणजे तुझा अल्लाहवर विश्वास नाही,' असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

सावधगिरी आणि तवक्कुल यांचा संबंध हजरत उमर (रजि.) यांच्या प्रसंगातून स्पष्ट होतो. शामकडे जात असताना सरग येथे त्यांना साथीची वार्ता कळली. त्यांनी सर्वांशी सल्लामसलत केली आणि परत फिरण्याचा निर्णय घेतला. आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळत आहात काय, असा प्रश्न हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी केला. परत फिरणे हेही अल्लाहच्या तकदीरमध्येच आहे, अशा आशयाचे उत्तर उमर (रजि.) यांनी दिले. पुढे साथ असलेल्या गावात जाऊ नये व तेथून पळून बाहेर पडू नये, ही प्रेषितांची शिकवण हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी सांगितली, तेव्हा उमर (रजि.) यांनी अल्लाहची स्तुती केली. वाचकहो, जो बांधव खोलीचे दार लावून बसला आहे, तो उमर (रजि.) यांच्याच वाटेवर आहे.

दूर राहूनही जमातीत

सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे, ती मला या संदर्भात फार मोलाची वाटते. सकीफ टोळीचे शिष्टमंडळ मदीनेस आले होते. त्यात एक कुष्ठरोगी होता. प्रेषित (सल्ल.) यांनी त्याला निरोप पाठवला की, तुझी बैअत आम्ही स्वीकारली आहे, तू परत जा. हाती हात न देताच त्याची निष्ठा मान्य झाली. लोकांचे आरोग्य राखले गेले आणि त्या माणसाचे समाजातील स्थानही राखले गेले. नेमके हेच आपल्याकडून राहून जाते. आपण आजाऱ्याला दूर ठेवतो, पण 'तू आमचाच आहेस' हा निरोप पाठवत नाही.

नमाजविषयीचा नियम स्पष्ट आहे. ज्याला संसर्गाने गंभीर हानी होण्याचे खरे भय आहे, त्याला जमातीत व जुमाला न येण्याची मुभा आहे. जुमाच्या दिवशी त्याने घरी जुहर अदा करावी. जोराच्या पावसात हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी मुअज्जिनला लोकांनी घरीच नमाज पढावी असे पुकारायला सांगितले होते. लोकांना नवल वाटले तेव्हा, माझ्याहून श्रेष्ठ असलेल्यांनी असेच केले आहे, असे त्यांनी सांगितले. चिखलासाठी ही सवलत आहे, तर जिवासाठी का नसावी?

आणि सवाबची चिंता करणाऱ्याला ही शुभवार्ता द्या. मनुष्य आजारी पडतो तेव्हा निरोगी असताना तो जी सत्कर्मे करीत असे, त्यांचे फळ त्याच्या नावे लिहिले जाते, असे सहीह बुखारीतील हदीसमध्ये आले आहे. ज्या बांधवाची सफमधील जागा रिकामी आहे, त्याच्या कर्मपत्रिकेतील जागा रिकामी नाही.

रोजांविषयी सूरह बकरामध्ये आजारी माणसास सवलत दिलेली आहे आणि अल्लाहला तुमच्यासाठी सुलभता हवी आहे, असा खुलासाही तेथेच आहे. प्रत्यारोपण झालेल्याने रोजा ठेवावा की नाही, हे त्याची किडनी किती काम करते, औषधाच्या वेळा कोणत्या, यावर अवलंबून आहे. काहींना डॉक्टर परवानगी देतात, काहींना मनाई करतात. म्हणून आधी डॉक्टरांना आणि मग मुफ्तींना विचारावे. मनाई असेल आणि बरे होऊन कजा करण्याची आशा नसेल तर फिदया आहे. फिदया देणारा माणूस कमी प्रतीचा मुस्लिम ठरत नाही. अल्लाहने उघडलेल्या दारातूनच तो आत येतो.

अमानतीचे ओझे

आपाला तोंड कसे दाखवू, या वाक्यात प्रत्यारोपण झालेल्यांच्या मनाची फार मोठी व्यथा आहे. ज्यांना आप्ताने अवयव दिला त्यांना दात्याची काळजी जाळते. महामारीत बहिणीला साधा खोकला झाला तरी, तिची एक किडनी माझ्याकडे आहे, या विचाराने भावाचा जीव खालीवर होतो. ज्यांना मृत दात्याचा अवयव मिळतो त्यांना सहसा दात्याचे नावही सांगितले जात नाही. कोणाच्या तरी घरातील मातमवर आपले आयुष्य उभे आहे, ही भावना त्यांना एकांतात छळते.

त्यातच कोणी येऊन विचारतो, 'हे जायज तरी आहे का?' अवयवदानाच्या प्रश्नावर उलमांमध्ये मतभेद आहेत, हे मी लपवत नाही. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने फेब्रुवारी १९८८ मध्ये अटींसह याला अनुमती दिली. अवयवाची विक्री तिने निषिद्ध ठरवली. आपल्या उपखंडातील काही थोर मुफ्तींचे मत वेगळे राहिले आहे. परंतु हा विचार शस्त्रक्रियेपूर्वी करायचा असतो. ज्याच्या देहात तो अवयव आज रक्त शुद्ध करीत आहे, त्याच्यापुढे एकच कर्तव्य उरते. ती अमानत त्याने सांभाळावी. वेळेवर घेतलेली गोळी, तोंडावरची पट्टी, टाळलेली गर्दी हे सर्व त्या अमानतीचे रक्षण आहे. ही जाणीव दिली तर त्याच सावधगिरीची त्याला लाज वाटणार नाही.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, उपदेशाआधी विचारावे. 'झोप लागते का? औषधे किती दिवसांची शिल्लक आहेत? तपासणी कधी आहे?' एवढे तीन प्रश्न बऱ्याच उपदेशांपेक्षा उपयोगी पडतात.

दुसरी गोष्ट, सावधगिरीचे ओझे घरातील सर्वांनी वाटून घ्यावे. साथीच्या दिवसांत बाहेरून आलेल्याने न सांगता हात धुवावेत, सर्दी असलेल्याने स्वतःहून वेगळे बसावे. आजाऱ्याला दर वेळी टोकावे लागले तर तो स्वतःला घरावरचा भार समजू लागतो आणि मग टोकणेच सोडून देतो.

तिसरी गोष्ट, प्रतिकारशक्ती वाढवणारे म्हणून सांगितले जाणारे काढे, गुळवेल आणि घरगुती औषधे त्याला आग्रहाने देऊ नयेत. कलौंजी आणि मधाचा उल्लेख हदीसमध्ये आहे, ही गोष्ट खरी. आजारावर उपचार करण्याचा आदेशही हदीसमध्येच आहे आणि उपचार जाणकाराला विचारून करायचा असतो. ज्याची प्रतिकारशक्ती जाणूनबुजून मंद ठेवलेली आहे, त्याला डॉक्टरांच्या संमतीविना काहीही देणे धोक्याचे आहे.

चौथी गोष्ट, उदासी आणि आजार यांतला फरक ओळखावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न असेल, झोप व भूक गेली असेल, औषधे घेण्याचा कंटाळा येत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे शब्द निघत असतील, तर ती उपचाराची वेळ आहे. शासनाच्या टेली-मानस या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. त्यावर विनामूल्य बोलता येते. मानसोपचाराची गोळी सुरू करताना प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना अवश्य कळवावे, कारण काही औषधे एकमेकांच्या कार्यात अडथळा आणतात. दुआ आणि औषध यांपैकी एकाची निवड करण्यास आपल्याला कोणीही सांगितलेले नाही.

पाचवी गोष्ट मशिदीच्या जबाबदारांसाठी आहे. अशा बांधवांची एक यादी ठेवावी. जुमाच्या दिवशी एखाद्याने त्यांना फोन करून खुतब्याचा सारांश सांगावा. साथीच्या काळात त्यांची औषधे शहरातून आणण्याची जबाबदारी एखाद्या तरुणावर सोपवावी. ईदची नमाज मोकळ्या मैदानात असेल तर कडेला, अंतर राखून त्यांच्यासाठी जागा ठेवावी.

आमच्या जमातीने हे उशिरा का होईना, सुरू केले. दर शुक्रवारी मी त्या गृहस्थांना फोन करतो. सुरुवातीला खुतब्याविषयी बोलतो, नंतर त्यांच्या क्रिएटिनिनच्या अहवालाविषयी. गेल्या ईदला ते मैदानाच्या कडेला, तोंडावर पट्टी बांधून, आपल्या मुसल्यावर उभे होते. स्त्रियांच्या बाजूला त्यांची आपा होती. नमाजनंतर कोणीही त्यांना मिठी मारायला धावले नाही. लोक चार हात अंतरावर थांबले, छातीवर हात ठेवून सलाम केला आणि त्यांनीही तसेच उत्तर दिले.

हे परमदयाळू अल्लाह, दुसऱ्याच्या देणगीवर जगणाऱ्या आमच्या बांधवांना व भगिनींना आरोग्य दे. ज्यांनी आपल्या देहातील अंश दिला त्यांना उत्तम मोबदला दे. त्यांच्या अंतःकरणास शांती दे, आणि आम्हाला बोलण्याआधी विचारण्याची सुबुद्धी दे. आमीन.